आवाक्याबाहेरचे काम आणि त्यावरचा टक्का

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात आम्ही पंधरा-वीस लहान व्यावसायिक एका बैठकीसाठी जमलो होतो. कुणी माझ्यासारखे वायरिंगची कामे घेणारे, कुणी रंगकाम आणि वॉटरप्रूफिंग करणारे, कुणी फर्निचरवाले, तर दोघे-तिघे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लहानसे फॅब्रिकेशन चालवणारे होते. बोलता बोलता विषय निघाला, की आपल्याला न झेपणारे मोठे काम एखाद्या मोठ्या कंपनीकडे पाठवले आणि त्या कंपनीने त्याबद्दल टक्का दिला, तर तो घ्यावा की घेऊ नये? एका वडीलधाऱ्या काकांनी सांगितले, की ही सरळसरळ दलाली आहे आणि घाम न गाळता मिळालेला पैसा घरात आणू नये. त्यावर एका तरुण मुलाने उत्तर दिले, ‘काका, सगळेच घेतात. तुम्ही सोडलात तर तो पैसा कंपनीच्याच खिशात राहील.’ पुढचा पाऊण तास हीच दोन वाक्ये वेगवेगळ्या तोंडांतून फिरत राहिली. मी घरी परतलो तो अस्वस्थ होऊन, कारण दोन्ही बाजू मनापासून बोलत असूनही मूळ प्रश्नाला कुणीच हात घातला नव्हता.

टक्का घ्यावा की घेऊ नये, हा तो प्रश्न नाही. ज्याचे काम आहे त्याला हा टक्का माहीत आहे का, तो नेमका कशाबद्दल दिला जातो आणि तो घेतल्यावर घेणारा कशाला बांधला जातो, हे खरे प्रश्न आहेत. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. ग्राहकाला अगोदर सांगून घेतलेला टक्का हा केवळ चालवून घेण्याजोगा नाही, तर लहान व्यावसायिकाला ‘हे काम माझ्या आवाक्यातले नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणता यावे यासाठी तो हवाच. आणि लपवून घेतलेला टक्का, मग तो अर्धा का असेना, ही आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाची फसवणूक आहे. या दोहोंना एकच नाव देऊन एकत्र धिक्कारणे जितके चूक, तितकेच त्यांना एकच नाव देऊन एकत्र खपवणेही चूक आहे.

नावाचा प्रश्न आलाच आहे, तर तो आधी संपवू. मराठीत ‘दलाल’ ही जवळजवळ शिवी झाली आहे. पण आम्ही बडोदेकर मराठी माणसे ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिथे ‘दलाल’ हे आडनाव दाराच्या पाटीवर, दवाखान्याच्या फलकावर आणि वकिलाच्या कोटावर सन्मानाने मिरवते. एकाच रस्त्यावर दोन भाषांत एका शब्दाचे दोन भाव व्हावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. हा शब्द मूळचा अरबी असून ‘दलील’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे, आणि त्या धातूचा अर्थ वाट दाखवणे, निर्देश करणे असा आहे. म्हणजे दलाल हा मुळात वाट दाखवणारा. वाट दाखवण्याचे मोल घेणे लाजिरवाणे नाही. चुकीच्या वाटेला लावून मोल घेणे लाजिरवाणे आहे. काकांचा राग या दुसऱ्या प्रकारावर होता, आणि तो खराच होता. मात्र त्या रागाच्या भरात त्यांनी पहिला प्रकारही मोडीत काढला.

आता ‘आवाक्याबाहेरचे काम’ म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे, कारण हा वाद बहुतेक वेळा हवेत चालतो. माझ्या धंद्यातले उदाहरण घेतो, कारण तेच मला पुरते ठाऊक आहे. घराचे, दुकानाचे, लहान शेडचे वायरिंग करणारा परवानाधारक कंत्राटदार आणि उच्च दाबाची जोडणी, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर पॅनेल, मीटरिंग क्युबिकल आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी इथपर्यंतची सगळी जबाबदारी उचलणारी कंपनी, यांच्यातला फरक केवळ माणसांच्या संख्येचा नसतो. तो परवान्याच्या वर्गाचा, चाचणीच्या उपकरणांचा, विम्याचा, आणि बिल अडकले तर तीन महिने थांबण्याच्या ऐपतीचा असतो. तरीही ग्राहक पहिल्यांदा आमच्याकडेच येतो, कारण दहा वर्षे त्याच्या घरचा पंखा आणि दुकानाची बत्ती आम्हीच पाहिलेली असते. तो म्हणतो, ‘भाई, तुम्हीच करून द्या ना, मला दुसरा कोण माहीत आहे?’ या एका वाक्यात विश्वासही असतो आणि मोहही.

2008 साली मी त्या मोहाला बळी पडलो होतो. वाघोडिया रस्त्यावरच्या एका शेडचा लोड जवळजवळ तिपटीने वाढवायचा होता. मालक जुने ओळखीचे, माझ्याकडे त्या वेळी तीन वायरमन, आणि तिघांचेही दोन आठवड्यांचे पगार थकलेले होते. मी काम घेतले. ॲल्युमिनियमच्या चार आर्मर्ड केबल एकाच चरातून शेजारी-शेजारी टाकल्या. केबलच्या तक्त्यात जो ॲम्पिअरचा आकडा असतो, तो एकट्या केबलसाठी असतो. चार केबल एकमेकींना चिकटून जमिनीत पडल्या की प्रत्येकीची उष्णता शेजारणीला लागते आणि तो आकडा खाली आणावा लागतो, हे मी शिकताना वाचलेले होते, पण इतक्या मोठ्या लोडवर कधी वापरलेले नव्हते. उन्हाळा आला, तिन्ही यंत्रे एकदम चालू लागली, आणि एका दुपारी पॅनेलकडची टोके लगसकट, म्हणजे टोकांना बसवलेल्या धातूच्या जोडांसकट, जळाली. माणूस कुणी दगावला नाही, एवढेच नशीब. कारखाना अकरा दिवस बंद राहिला. नवीन केबलचे पैसे मी हप्त्याहप्त्याने भरले, पण त्या अकरा दिवसांचे नुकसान मी भरू शकलो नाही, आणि त्या मालकांनी ते कधी मागितलेही नाही, याचे ओझे आजही माझ्यावर आहे.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की त्या दिवशी मला ते काम न झेपणारे आहे हे कळत नव्हते असे नाही. कळत होते. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत मला परवडत नव्हती. काम सोडले असते तर हातात काहीच आले नसते. उलट तो ग्राहक मोठ्या कंपनीशी जोडला गेला असता आणि पुढची लहानसहान कामेही तिकडेच गेली असती. त्याच वेळी एखाद्या सक्षम कंपनीने मला उघडपणे पंधरा-वीस हजार रुपये दिले असते, तर तीन पगार भागले असते आणि मी ते काम शांतपणे सोपवले असते. लहान व्यावसायिक आवाक्याबाहेरची कामे घेतात ती लोभापायीच, असे वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात बरीचशी कामे भीतीपोटी घेतली जातात. ही भीती कमी करणारी जी काही व्यवस्था असेल, ती ग्राहकाच्या सुरक्षिततेची व्यवस्था आहे. ‘दलालीचा पैसा नको’ असे म्हणणारे काका या बाजूचा विचारच करत नाहीत: टक्का बंद केल्याने मोठी कामे आपोआप मोठ्या कंपन्यांकडे जाणार नाहीत, ती आमच्यासारख्यांच्या हाताखाली बिघडत राहतील.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. पहिला आक्षेप असा, की हा टक्का शेवटी ग्राहकाच्याच बिलात चढतो. वीस लाखांच्या कामावर तीन टक्के म्हणजे साठ हजार रुपये. कंपनी ते स्वतःच्या नफ्यातून देईल, की कोटेशनच्या कुठल्यातरी ओळीत मिसळून टाकेल? मिसळून टाकेल, हे मी मान्य करतो. पण हीच कंपनी काम मिळवण्यासाठी विक्रीचे प्रतिनिधी ठेवते, प्रदर्शनांत गाळा घेते, जाहिरात करते, आणि तो खर्चही याच बिलात असतो; त्याबद्दल कुणी नैतिक प्रश्न उभा करत नाही. ज्या माणसाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन लोड मोजला, जुन्या वायरिंगची अवस्था पाहिली आणि मालकाची खरी गरज समजून घेतली, त्याच्यावर झालेला खर्च प्रदर्शनातल्या गाळ्यापेक्षा ग्राहकाच्या अधिक उपयोगाचा आहे. तरीही आक्षेपाचा गाभा उरतोच: बिल ग्राहक भरणार असेल, तर त्यात काय काय आहे हे त्याला कळले पाहिजे. कळले, तर तो कंपनीला विचारू शकतो, की मी थेट आलो असतो तर किती कमी केले असते? हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेणे, हाच अन्याय आहे.

दुसरा आक्षेप याहून फार जड आहे, आणि बैठकीत तो कुणी मांडला नाही याचे मला वाईट वाटले. टक्का घेणारा माणूस सर्वांत चांगल्या कंपनीचे नाव सुचवील, की सर्वांत जास्त टक्का देणाऱ्या कंपनीचे? हा प्रश्न नवा नाही. डॉक्टरांच्या बाबतीत आपल्या समाजाने त्याचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत 6.4 हा मुद्दा याच गोष्टीचा आहे: रुग्णाला दुसरीकडे पाठवल्याबद्दल कमिशन द्यायचे नाही आणि घ्यायचेही नाही. वकिलांनाही आपली फी वकील नसलेल्या माणसाशी वाटून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. मग इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने असे काय पुण्य केले आहे, की त्याला ही सूट मिळावी?

हा युक्तिवाद मला अनेक वर्षे निरुत्तर करत असे. आजही मी तो अर्धा मान्य करतो. ग्राहकाला केबलचा आकार कळत नाही, जसा रुग्णाला सीटी स्कॅन कळत नाही. म्हणजे अज्ञान दोन्हीकडे आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रुग्ण आजारी असतो, घाईत असतो, चार ठिकाणी चौकशी करून आठवड्याने ठरवू असे त्याला म्हणता येत नाही. कारखानदाराला म्हणता येते, आणि तो एरवी कच्च्या मालासाठी तसे करतोच. शिवाय डॉक्टरला त्याच्या तपासणीची आणि सल्ल्याची फी आधीच मिळालेली असते, त्यामुळे पाठवणीचे पैसे म्हणजे एकाच कामाचे दोनदा घेतलेले मोल ठरते. आम्हाला जागेवर जाण्याचे, मोजमापाचे आणि सल्ल्याचे बहुधा एक पैसाही मिळत नाही. म्हणून डॉक्टरांसाठीची बंदी जशीच्या तशी आमच्यावर लादता येणार नाही. परंतु त्या बंदीमागचे भय, म्हणजे सल्ला विकत घेतला जाण्याचे भय, आम्हालाही पुरेपूर लागू आहे, आणि त्याला ‘मी तसा नाही’ हे उत्तर पुरत नाही. माणसाच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता व्यवहाराची रचनाच अशी करावी लागते, की वाकडे जाण्यात फायदा उरू नये.

रचनेने काय फरक पडतो, हे पाहायला मुंबईच्या गिरण्यांकडे जावे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कापड गिरण्या मॅनेजिंग एजंटांच्या, म्हणजे भागधारकांच्या वतीने कमिशनवर गिरणी चालवणाऱ्या पेढ्यांच्या, हाती असत, आणि सुरुवातीच्या काळात अनेक एजंटांचे कमिशन उत्पादनावर, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा अशा हिशेबाने, ठरलेले असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की एजंटाचा पाव आणा सुटला. बाजारात माल पडून असतानाही चात्या फिरत राहिल्या तर त्यात एजंटाचे काहीच जात नव्हते. जात होते ते भागधारकांचे. ते सगळेच एजंट दुष्ट होते असे मानायचे कारण नाही. त्यांतल्या कित्येकांनी उद्योग उभे केले. पण मोबदल्याचे माप चुकीचे असल्यामुळे चांगली माणसेही चुकीच्या दिशेला ढकलली गेली, पुढे नफ्यावर कमिशन घेण्याची सुधारणा आली, आणि अखेर एप्रिल 1970 मध्ये ही पद्धतच कायद्याने संपवली गेली. आमच्या टक्क्याचे मापही असेच चुकीचे आहे. कामाच्या एकूण रकमेवर टक्का मिळत असेल, तर काम जितके फुगेल तितके माझे भले. पंचवीस लाखांत भागणारे काम कंपनीने चाळीस लाखांचे करून दाखवले, तर त्याला हरकत घेण्याऐवजी मी गप्प बसण्याचा संभव अधिक. म्हणून मी टक्क्याच्या बाजूने लिहीत असलो, तरी शेकड्याच्या हिशेबाच्या बाजूने नाही. काम कितीचेही असो, पाठवणीची एक ठरलेली रक्कम असावी, आणि ती सगळ्या कंपन्यांकडून सारखीच घ्यावी. एका कंपनीकडून पंधरा हजार आणि दुसरीकडून चाळीस हजार, असे झाले की सल्ल्याला कीड लागलीच. आणि नावे किमान दोन द्यावीत, म्हणजे निवड ग्राहकाच्या हाती राहते.

आता त्या तरुण मुलाच्या वाक्याकडे वळतो. ‘सगळेच घेतात’ हे खरे आहे. पण सगळेच लपवून घेतात, हे त्याने सांगितले नाही. लपवण्याचे समर्थन असे केले जाते, की हा माझा आणि कंपनीचा व्यवहार आहे, यात ग्राहकाचे काय? हा तर्क कायद्याच्या दृष्टीनेही डळमळीत आहे. ग्राहकाने ‘तुम्हीच कुणीतरी चांगला पाहून द्या’ असे म्हटले आणि मी हो म्हटले, की मी नुसता ओळखीचा माणूस उरत नाही. त्याच्या वतीने शोध घेणारा होतो. 1872 च्या करार कायद्यात 216 वे कलम आहे. प्रतिनिधीने मालकाच्या नकळत, त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला लाभ मालक मागू शकतो, असे त्याचे तात्पर्य आहे. प्रत्येक शिफारस या कलमाखाली बसेल असे मी म्हणत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने बोट ठेवले ते ‘नकळत’ या शब्दावर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कायद्याचा आक्षेप लाभाला नाही, अंधाराला आहे.

मीही हा अंधार अनुभवला आहे. केबलचा तो प्रसंग घडल्यावर मी मोठी कामे पाठवू लागलो, आणि एका कंपनीचा माणूस दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर पाकीट देऊन गेला. मी ते ठेवून घेतले. काम उत्तम झाले होते, बिल वाजवी होते, कुणाचे काहीच बिघडले नव्हते. वर्षभराने ग्राहकाला ते कुठूनतरी समजले. त्यांनी मला एका शब्दानेही विचारले नाही. फक्त पुढच्या वर्षीच्या देखभालीला दुसऱ्याला बोलावले. मी त्यांच्याकडे जाऊन खुलासा केला असता, तरी काय सांगणार होतो? बिल वाजवी होते हे मला ठाऊक होते, पण आता त्यांच्याकडे त्यावर विश्वास ठेवायला काही कारण उरले नव्हते. लपवलेल्या टक्क्याचा दोष इथे आहे. तो चांगला सल्लाही खोटा करून टाकतो.

उघड केल्याने धंदा बुडतो, ही भीतीही तपासून पाहिली पाहिजे. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबीने ऑगस्ट 2009 पासून गुंतवणुकीच्या सुरुवातीलाच कापला जाणारा प्रवेशभार बंद केला आणि वितरकांनी निरनिराळ्या योजनांवर आपल्याला मिळणारे कमिशन गुंतवणूकदाराला सांगावे असे बंधन घातले. जानेवारी 2013 पासून वितरकाशिवाय थेट गुंतवणुकीची सोयही आली. तेव्हा वितरकांनी धंदा संपल्याची ओरड केली होती, आणि काहींनी तो सोडलाही. पण त्यानंतरच्या काळात फंडांत पैसे घालणारी माणसे कितीतरी पटींनी वाढली आणि त्यांतले पुष्कळ जण कमिशन माहीत असूनही आजही वितरकामार्फतच जातात. लोकांना मोल देण्याचा राग नसतो. आपल्याला न विचारता घेतले याचा राग असतो.

यावर एक निराळा आणि चांगला उपाय सुचवला जातो, आणि त्याचा उल्लेख न करता पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. कंपनीकडून काही घेऊच नये; जागेवर जाऊन पाहणी केल्याची आणि सल्ल्याची फी थेट ग्राहकाकडूनच घ्यावी. म्हणजे सल्ला कुणाकडे झुकण्याचा प्रश्नच उरत नाही. तत्त्व म्हणून मला याहून स्वच्छ मार्ग दिसत नाही, आणि गेली काही वर्षे मी मोठ्या पाहणीसाठी दोन हजार रुपये मागूनही पाहिले. अनुभव निराशेचा आहे. आमच्याकडे माणूस मीटरने वायर विकत घेतो, नगाने स्विच विकत घेतो, पण ‘हे काम माझ्याकडून करून घेऊ नका’ या वाक्याचे पैसे द्यायला त्याला अपमान वाटतो. काम केले नाही, मग पैसे कसले? ही समजूत बदलायला हवी, आणि कलाभवनाच्या शहराने ती बदलायला सर्वांत आधी पुढे यावे असे मला मनापासून वाटते. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे ती संस्था उभी राहिली ती हाताच्या कामाला ज्ञानाची प्रतिष्ठा मिळावी म्हणूनच. पण ती समजूत बदलेपर्यंत वायरमनचे पगार थांबत नाहीत. तोवर उघड टक्का हा दुय्यम, तरीही प्रामाणिक मार्ग आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

राहिला तिसरा प्रश्न, घेणारा कशाला बांधला जातो हा, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी बोलले जाते ते याच्यावर. टक्का घेऊन बाजूला होणारा माणूस आणि टक्का घेऊन शेवटपर्यंत साक्षीला उभा राहणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या बाबतीत बडोद्याच्या इतिहासात एक विलक्षण उदाहरण आहे. गायकवाडीत बहांदरीची पद्धत होती: दोन पक्षांमध्ये करार झाला, की एखादा वजनदार तिसरा माणूस, बहुधा अरब शिबंदीचा, म्हणजे भाडोत्री फौजेचा, जमादार, तो पाळला जाईल याची हमी घेत असे. सरकारच्या शब्दापेक्षाही त्या हमीदाराच्या शब्दावर सावकार आणि प्रजा विसंबत, कारण शब्द मोडला तर तो समोर उभा राहील अशी खात्री असे. मधला माणूस तिथे नुसती ओळख करून देत नव्हता, स्वतःला गहाण टाकत होता.

पण त्याच बहांदरीची दुसरी बाजूही शिकण्यासारखी आहे. 1802 मध्ये ईस्ट इंडिया कंपनी सरकारची फौज बडोद्यात आली, अरबांचे वर्चस्व मोडले, आणि त्यांनी दिलेल्या हमी इंग्रजांनी आपल्याकडे घेतल्या. या हमींना ना मुदत होती, ना नीट मर्यादा; त्यांचा आधार घेऊन रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, पुढे कितीतरी वर्षे राज्याच्या अंतर्गत कारभारात हात घालत राहिला, आणि दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीतल्या कटकटींचे ते एक मोठे कारण झाले. हमी हवी, पण कशाची आणि कुठवर हे लिहिलेले नसले तर ती कुणाच्या तरी गळ्यातला फास होते. आमच्या धंद्यातही असेच आहे. मी सुचवलेल्या कंपनीचा ट्रान्सफॉर्मर तीन वर्षांनी जळाला तर त्याला मी जबाबदार नाही, आणि असू शकत नाही. तेवढे ज्ञान असते तर ते काम मीच केले असते. मात्र कंपनीकडे लागणारा परवाना आहे की नाही हे तपासणे, तिने आधी केलेली किमान दोन कामे स्वतः पाहून येणे, काम चालू असताना ठरलेल्या टप्प्यांवर जागेवर हजर राहणे आणि मालकाला जे कळत नाही ते त्याच्या भाषेत सांगणे, इतके मी नक्कीच करू शकतो. एवढे करून घेतलेल्या पैशाला ‘कष्टाशिवायचा’ म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्याच्या दुपारी चरात उतरून केबलची खोली मोजून पाहावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

कराच्या बाजूने तर या प्रश्नात अडचण अशी काहीच नाही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने कमिशन आणि दलालीवरच्या करकपातीसाठी 194-एच हे स्वतंत्र कलम ठेवले, म्हणजे कायद्याने हे उत्पन्न कधीच चोरीचे मानलेले नाही. चोरीचे ते होते पाकिटामुळे. जे उत्पन्न बिल करून खात्यात घेता येत नाही, ते ग्राहकालाही सांगता येत नसते, असा माझा अनुभव आहे. चेकने देऊ म्हटल्यावर ज्या कंपनीचा माणूस गडबडतो, तिच्या कोटेशनमध्येही काहीतरी झाकलेले असणार, असे समजून मी चालतो.

गेल्या तीन वर्षांपासून मी मोठे काम पाठवताना मालकाला माझ्या लेटरहेडवर अर्ध्या पानाचे पत्र देतो. हे काम मला का झेपणार नाही, मी कोणत्या दोन कंपन्यांची नावे देत आहे, त्यांपैकी कुणाचीही निवड केली तरी मला किती ठरावीक रक्कम मिळेल, आणि त्या बदल्यात मी कोणत्या टप्प्यांवर जागेवर येईन, हे त्यात लिहिलेले असते. खाली मालकाची आणि कंपनीची, दोघांची सही घेतो. सुरुवातीला मी ज्या चार कंपन्यांकडे कामे पाठवत होतो, त्यांपैकी दोघींनी या पत्रावर सही करायला नकार दिला, आणि त्यांची नावे मी देणे बंद केले. तिसरीने लगेच सही केली. चौथीच्या व्यवस्थापकांनी एकच दुरुस्ती सुचवली, की ‘कमिशन’ हा शब्द बरा दिसत नाही, त्याऐवजी ‘मानधन’ लिहावे. मी त्यांना सांगितले, की शब्द हाच राहू द्या. मालकाला तो वाचता क्षणी समजतो. दोन दिवसांनी त्यांनीही सही करून पत्र परत पाठवले.